असभ्य कोण? एका इंग्रजी शब्दाची गोष्ट



आज कर्ज, हप्ता आणि व्याजाचं काही सांगणार नाही. आज एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तो आपल्या बैठकीत आला आणि आपल्या एका ताईच्या काळजाला लागला. म्हणून तो कुठून आला ते शोधायला लागलो.

झालं असं. महिन्याची बैठक देवळाच्या ओट्यावर भरली होती. बचत गोळा झाली, वहीत नोंदी झाल्या, सह्या-अंगठे झाले. बायका पदर सावरून उठायला लागल्या, तरी एक ताई बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "एक विचारायचंय, पण हसू नका."

त्यांची लेक तालुक्याच्या गावी अकरावीला आहे. तिथं पालकांची सभा होती. ताई सोयाबीनची काढणी अर्धी टाकून, एसटी पकडून गेल्या. फाटकातून आत गेल्यावर लेक लांब मैत्रिणींच्या घोळक्यात दिसली. ताईंनी आपण बांधावरून हाक मारतो तशी हाक मारली. मुली हसल्या. त्यातली एक मुलगी एक इंग्रजी शब्द बोलली. ताईंना तो कळला नाही, पण लेकीचं तोंड उतरलेलं दिसलं. रात्री लेकीनं शब्दकोश काढला, काहीतरी वाचलं आणि म्हणाली, "आई, पुढच्या वेळी तू येऊ नकोस. बाबांना पाठव."

ताईंनी लेकीकडून तो शब्द चिठ्ठीवर लिहून घेतला होता. चिठ्ठी घडी करून कंबरेच्या पिशवीत ठेवली होती, ती आमच्या हातात दिली. तिच्यावर लिहिलं होतं: "बूरिश – गावंढळ, अडाणी, असभ्य."

आम्ही वाचून दाखवलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "गावंढळ म्हणजे गावचा. असभ्य म्हणजे ज्याला वागायचं कळत नाही तो. ही दोन माणसं एका ओळीत कशी बसली गं?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. आमच्यातल्या एकीनं बी.ए.ला इतिहास घेतला होता, म्हणून हे काम तिच्याकडे आलं. पुस्तकं काढली, वाचलं, आपसात बोललो. जे सापडलं ते आज सांगतो.

आधी त्या शब्दाचा आजचा अर्थ पाहू. इंग्रजीत उद्धटपणाला, उर्मटपणाला बरेच शब्द आहेत. त्यात 'रूड' हा सगळ्यात साधा. कुणी एकदा तोडून बोललं तरी त्याला रूड म्हणतात. 'बूरिश' त्याच्या पुढचा. ज्याला समोरच्या माणसाची पर्वाच नाही, जो दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडतो, जेवायला बसल्यावर इतरांचा विचार करत नाही, कुणाला काय लागेल हे ज्याच्या मनातही येत नाही, अशा माणसाच्या वागण्याला बूरिश म्हणतात. असा माणूस सुटाबुटात असू शकतो, मोटारीतून उतरलेला असू शकतो. म्हणजे आजच्या इंग्रजीत हा शब्द वागण्याचा आहे. तरीसुद्धा शब्दकोशात त्याच्यापुढे 'गावंढळ' लिहिलेलं असतं, कारण त्या शब्दाचं मूळ गावातच आहे.

युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. तिथल्या डच भाषेत शेतकऱ्याला 'बूर' म्हणतात. आजही म्हणतात. हॉलंड आणि इंग्लंड यांच्यामध्ये फक्त समुद्राची एक पट्टी आहे आणि दोघांचा व्यापार जुना आहे. साधारण पाचशे वर्षांपूर्वी हा शब्द इंग्रजीत आला. आला तेव्हा अर्थ होता शेतकरी, नांगर धरणारा माणूस. पण थोड्याच काळात त्याचा अर्थ झाला अडाणी, दांडगट, ज्याला रीत नाही असा. त्यावरून 'बूरिश'. म्हणजे ताईंच्या चिठ्ठीवरचा शब्द उलगडला तर आत निघतो 'शेतकऱ्यासारखा'. ताई तर शेतकरीच आहेत.

पण शेतकरी या शब्दाची शिवी कशी झाली? त्यासाठी इंग्लंडच्या जुन्या गावात जावं लागेल.

सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्येही याच कुळातला एक शब्द होता, 'गेबूर'. धन्याच्या जमिनीवर राहून ती कसणारा माणूस म्हणजे गेबूर. त्या काळी लिहिलेला एक कागद आजही उपलब्ध आहे. कुणी कुणाला काय द्यायचं, कुणी किती राबायचं, याची त्यात नोंद आहे. गेबूर जमिनीवर आला की धनी त्याला २ बैल, १ गाय, ६ मेंढ्या आणि पेरलेली ७ एकर जमीन देई. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच्या बदल्यात वर्षभर दर आठवड्याला २ दिवस धन्याच्या शेतात फुकट राबायचं. सुगीच्या दिवसांत ३ दिवस. शिवाय पैशाच्या, कोंबड्यांच्या, धान्याच्या रूपानं देणं वेगळंच. आणि गेबूर मेला की त्याच्यामागं जे राहील ते धन्यानं ताब्यात घ्यायचं. आपल्याकडे वेठ होती, सालगडी होते. ही तशीच गोष्ट आहे, फक्त देश वेगळा.

पुढं १०६६ साली फ्रान्सच्या उत्तरेकडून नॉर्मन लोक समुद्र ओलांडून आले. त्यांनी इंग्लंड जिंकलं. राजा, सरदार, मोठे जमीनदार सगळे फ्रेंच बोलणारे झाले. शेतात राबणारे मात्र इंग्रजीच बोलत राहिले. म्हणजे वाड्यात एक भाषा आणि शेतात दुसरी. वाड्यातली भाषा बोलणारा तो मोठा, हे तेव्हापासून ठरून गेलं.

नव्या राजानं सगळ्या जमिनीची, माणसांची, नांगरांची मोजणी करवली. ती १०८६ साली झाली. त्या मोजणीत नोंदलेल्या लोकांपैकी सुमारे ४० टक्के लोक एका नावाखाली आहेत. ते नाव 'व्हिलन'.

हो, हे तेच, आपण सिनेमात म्हणतो ते. हिरो, हिरॉईन आणि व्हिलन. मूळ लॅटिन शब्द 'व्हिला' म्हणजे शेतीवाडीचं ठिकाण. त्या वाडीला बांधलेला माणूस तो व्हिलन. त्याला धन्याच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. लेकीचं लग्न करायचं तर धन्याला पैसे भरावे लागत. घरचा कर्ता मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर धनी घेऊन जाई. म्हणजे ज्या दिवशी बाईचं कुंकू वाढलं, त्या दिवशी तिची गायसुद्धा जायची. अशा माणसाचं नाव हळूहळू 'हलकट', मग 'बदमाश' या अर्थानं वापरलं जाऊ लागलं, आणि शेवटी सिनेमातल्या खलनायकाला चिकटलं. शब्द आपण सगळ्यांनी वापरला. तो एका वेठबिगार शेतकऱ्याचा होता हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरा शब्द 'चर्लिश'. याचाही अर्थ उर्मट, तुसडा. तो 'चर्ल' वरून आला. जुन्या इंग्लंडमध्ये चर्ल म्हणजे साधा माणूस, सरदार नसलेला. माणसाचा खून झाला तर त्याच्या घरच्यांना भरपाई द्यायची पद्धत होती. साध्या चर्लच्या जिवाची किंमत २०० शिलिंग, बड्या माणसाच्या जिवाची १२००. गंमत अशी, की जर्मन भाषांत याच मुळातून 'कार्ल' हा शब्द आला. अर्थ नुसता 'माणूस'. त्यावरून 'चार्ल्स' हे नाव झालं. आज इंग्लंडच्या गादीवर जे राजे आहेत, त्यांचं नाव चार्ल्स. एकाच मुळातून एका बाजूला राजाचं नाव निघालं आणि दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याला द्यायची शिवी. मुळात वाईट काही नव्हतं. शब्द कुणाच्या वाट्याला गेला, त्यावर त्याची इज्जत ठरली.

आता एक गोष्ट सांगतो, ती जात्यावर दळलेल्या आजींनी नीट ऐकावी.

लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे. तिथं मोठा मठ होता आणि आजूबाजूची जमीन मठाच्या मालकीची. नियम असा, की लोकांनी आपलं धान्य मठाच्याच गिरणीत दळायचं आणि त्याचा मोबदला मठाला द्यायचा. घरी जातं ठेवायला मनाई. तरीही लोक घरी जातं ठेवत. मग तिथल्या महंतानं घराघरांतून जाती उचलून नेली. आणि त्या दगडांचं काय केलं? आपल्या बैठकीच्या खोलीत त्यांची फरशी घातली. म्हणजे लोक तक्रार घेऊन दारात आले, की त्यांना आपल्याच घरच्या जात्यांवर चालणारे पाय दिसायचे.

त्यानंतर इंग्लंडवर मोठी साथ आली. १३४८-४९ साली प्लेगनं देशातली तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त माणसं गेली. राबणारे हात कमी पडले, तेव्हा उरलेल्यांनी जास्त मजुरी मागितली. सरकारनं १३५१ साली कायदा केला, की साथीच्या आधी जी मजुरी होती तीच घ्यायची. वर डोईपट्टी बसवली. तिसऱ्या खेपेला तर १५ वर्षांवरच्या प्रत्येकावर, बाई असो की पुरुष, १२ पेन्स. गरीबालाही तेच. १३८१ च्या जून महिन्यात खेड्यापाड्यांतले लोक उठले आणि लंडनवर चालून गेले. राजा तेव्हा १४ वर्षांचा पोर होता.

त्याच दिवसांत सेंट ऑल्बन्सचे लोक मठात शिरले. त्यांनी महंताच्या खोलीतली ती फरशी उखडली आणि जात्याच्या दगडांचे तुकडे आपसात वाटून घरी नेले. जातं परत जोडून दळण दळता येणार नव्हतं. पण आपली वस्तू आपल्या घरी आली.

उठाव चिरडला गेला. पुढाऱ्यांना फाशी दिलं. पण वेठबिगारी त्यानंतरच्या दीडशे वर्षांत बहुतेक संपली. डोईपट्टी गोळा करायचं धाडस पुढच्या राजांना लवकर झालं नाही.

ही गोष्ट आपल्याला कशी कळते? त्याच मठातल्या थॉमस वॉल्सिंगहॅम नावाच्या एका साधूनं ती लिहून ठेवली म्हणून. आणि त्यानं लिहिताना उठाव करणाऱ्यांना मोकळ्या मनानं नावं ठेवली. रानदांडगे, मूर्ख, उद्धट. जात्यांचे दगड ज्यांनी नेले त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्यातल्या एखाद्या बाईनं लिहिलं असतं, तर उद्धट कोण ठरलं असतं? दुसऱ्याच्या घरचं जातं उचलून त्याची फरशी करणारा की ती फरशी उखडणारी?

आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. गावचा आणि असभ्य हे दोघं एका ओळीत आपणहून बसलेले नाहीत. त्यांना बसवलं गेलं. लेखणी वाड्यात होती, मठात होती, शहरात होती. शेतात नव्हती. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या वागण्याला सभ्य म्हटलं आणि राबणाऱ्याच्या वागण्याला बूरिश.

इंग्रजीतले चांगल्या वागण्याचे शब्द पाहा. 'सिव्हिल', म्हणजे नीट बोलणारा. मूळ अर्थ नगराचा रहिवासी. 'अर्बेन', म्हणजे सुसंस्कृत. मूळ अर्थ शहरातला. 'कर्टियस', म्हणजे अदबशीर. मूळ अर्थ राजदरबारात वागावं तसा. आणि 'रूड', ज्यानं आपण सुरुवात केली, त्याचा मूळ लॅटिन अर्थ कच्चा, न घडवलेला. चांगलं ते सगळं शहराचं आणि दरबाराचं. कच्चं ते बाकीच्यांचं.

आता आपल्या मराठीकडे बघू, नाहीतर सगळा दोष इंग्रजांवर टाकून मोकळं झाल्यासारखं होईल. आपल्याकडे 'नागर' म्हणजे सुसंस्कृत. नागर म्हणजे नगरातला. आणि 'ग्राम्य' म्हणजे असभ्य. जुन्या संस्कृत ग्रंथांत तर ग्राम्य शब्द वापरणं हा कवितेतला दोष मानलेला आहे. 'कुणबाऊ', 'कुणबट' हे शब्द जुन्या मराठीत ओबडधोबड, जाडाभरडा या अर्थानं वापरत. 'गावंढळ', 'खेडवळ', 'रानटी' तर आजही ऐकतो. हॉलंड इथून हजारो कोस लांब, तिथला शब्द वेगळा, आपला वेगळा, पण दोघांची चाल एकच.

'गावठी' या शब्दाची तर आणखी गंमत. बाजारात गावठी अंड्याला भाव जास्त. गावठी कोंबडी, गावठी कोथिंबीर, गावठी तूप, सगळ्याला गिऱ्हाईक थांबून विचारतं. आपल्या गटाच्या स्टॉलवर आपणच पाटी लावतो, 'अस्सल गावठी'. पण तेच गिऱ्हाईक कुणा माणसाला गावठी म्हणतं तेव्हा ती शिवी असते. अंडं गावठी चांगलं, मग ते विकणारी गावठी वाईट कशी?

आपल्याकडे या शब्दांना ताठ मानेनं उत्तर देणारी माणसंही झाली. तुकोबांनी एका अभंगात आपल्याला कुणबी केलं म्हणून देवाला बरं म्हटलं आहे, नाहीतर दंभानं वाया गेलो असतो असं. ज्या नावानं लोक हिणवत, ते त्यांनी देवाचं देणं म्हणून घेतलं.

आणि महात्मा फुले. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी होती. हे ड्यूक म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव. शहरातले बडे लोक भरजरी कपडे आणि दागिने घालून आले होते. फुले गेले ते गरीब शेतकऱ्याच्या पोशाखात. तिथं उभं राहून त्यांनी सांगितलं, की हा हिऱ्यामोत्यांनी मढलेला मेळावा म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा बघायची तर खेड्यांत जा, आणि या लोकांना शिक्षण द्या असं राणीला सांगा. ज्या देशाच्या भाषेत शेतकरी म्हणजे बूरिश झाला होता, त्याच देशाच्या राजपुत्रासमोर ते शेतकरी होऊन उभे राहिले. त्यांना तो पोशाख लाजिरवाणा वाटला नाही. आणि त्यांच्या हातात लेखणी होती. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी त्याआधीच, १८८३ साली लिहून पूर्ण केला होता.

इथवर आम्ही वाचलं तेव्हा आम्हाला फार बरं वाटत होतं. मग एक गोष्ट अशी वाचली, की आम्ही थोड्या गप्प झालो.

हॉलंडचे काही लोक १६५२ पासून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जाऊन राहिले. त्यांच्यातले शेती करणारे स्वतःला 'बूर'च म्हणवत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शाळेच्या पुस्तकात आपण 'बोअर युद्ध' वाचलं ते यांचंच, इंग्रजांशी १८९९ ते १९०२ पर्यंत झालेलं. इंग्रज त्यांना तुच्छ लेखत. पण याच बूर लोकांनी तिथल्या मूळ आफ्रिकी लोकांच्या जमिनी घेतल्या, त्यांना गुलाम म्हणून राबवलं आणि त्यांना रानटी म्हटलं. ज्यांचं स्वतःचं नाव शिवी झालं होतं, त्यांनी दुसऱ्यासाठी नवी शिवी शोधली.

हे वाचताना आम्हाला आपलीच एक बैठक आठवली. ऊसतोडीहून परतलेल्या काही बायकांनी गटात यायचं विचारलं होतं. तेव्हा आपल्यातलंच कुणीतरी म्हणालं होतं, "त्यांना काय रीतभात? कशाही बोलतात." कुणी विरोध केला नाही. आम्हीही केला नाही. अंगठा लावणाऱ्या काकूंना आपण हसत हसत 'अंगठेबहाद्दर' म्हणतो. पाड्यावरच्या बायकांना 'रानटी' म्हणून मोकळे होतो. तालुक्याची मुलगी आपल्या ताईला जे म्हणाली, तेच आपण आपल्यापेक्षा गरीब बाईला म्हणत आलो. ताईंची चिठ्ठी हातात असताना हे आठवलं आणि लाज वाटली.

मग खरा उद्धटपणा ओळखायचा कसा? आम्ही पुढच्या बैठकीत हाच प्रश्न ठेवला. बायकांनी फार छान सांगितलं. एक वहिनी म्हणाल्या, म्हातारी बाई खिडकीपाशी तासभर उभी असताना तिच्याकडे न बघता फोनवर हसत बसणं, हा उद्धटपणा. दुसरी म्हणाली, आपल्याला 'तुम्ही' म्हणणाऱ्याला 'ए' म्हणणं. तिसरी म्हणाली, ज्याला उत्तर देता येत नाही अशाला टोचून बोलणं. कुणीही मोठा आवाज म्हटलं नाही. मोठा आवाज म्हणजे उद्धटपणा नव्हे. तीन बांध पलीकडच्या माणसाला हळू आवाजात हाक मारून बघा, काम होतं का. चार भिंतींत आवाज थोडा आवरावा लागतो, हे खरं. तो जागेचा फरक आहे, माणसाचा नाही, आणि तो कुणालाही एका दिवसात जमतो.

रीतभात म्हणाल तर आपल्या खेड्यातल्या बाईच्या बोलण्यात ती ठासून भरलेली आहे. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही, 'वाढवली' म्हणतो. दारात आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देतो आणि मग काम विचारतो. समोरच्याच्या मनाला शब्दाचा ओरखडाही लागू नये, ही काळजी आपल्या आजी-पणजीनं भाषेतच विणून ठेवली. सभ्यपणा याहून वेगळा काय असतो?

'सभ्य' हा शब्दही पाहिला. तो 'सभा' वरून आला. सभेत बसायला योग्य तो सभ्य. आपण तर दर महिन्याला सभा भरवतो. सगळ्या गोल बसतो, एकीनं बोलताना दुसरी थांबते, पैशाचा हिशेब सगळ्यांसमोर होतो. म्हणजे त्या शब्दाच्या अर्थानंसुद्धा आपण सभ्यच.

आणि 'गेबूर' शब्दाचं एक सांगायचं राहिलं. त्याला 'जवळचा' या अर्थाचा शब्द जोडून इंग्रजीत 'नेबर' हा शब्द झाला. नेबर म्हणजे शेजारी. हा शब्द मात्र कुणी बिघडवला नाही. इंग्रजी बोलणारे रोज तो प्रेमानं वापरतात. बूरिश आणि नेबर एकाच कुळातले शब्द. लांबून नाक मुरडून बघितलं तर गावंढळ, जवळ जाऊन बसलं तर शेजारी.

त्या बैठकीत आपण एक ठराव केला. प्रोसिडिंगच्या वहीत तो लिहिला आहे. गटाच्या बैठकीत कुणालाही अडाणी, अंगठेबहाद्दर, रानटी म्हणायचं नाही. जी म्हणेल तिला उशिरा येण्याचा जो दंड आहे तोच, पाच रुपये. पहिला दंड आमच्यातल्याच एकीनं भरला, सवयीनं तोंडातून गेलं म्हणून. ऊसतोडीच्या बायकांना निरोप गेला आहे. दोघी येऊन बसल्या, बाकीच्या अजून बिचकतात.

तो ठराव लिहायला त्या ताईंची लेकच आली होती. अक्षर चांगलं आहे तिचं. जात्यांची गोष्ट सांगत होतो तेव्हा ती लिहायची थांबून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे त्या मुलीला या शब्दाचा अर्थ माहीत असेल का?" आम्ही म्हटलं, बहुतेक नसेल. तूच तिला सांग, पण रागानं नको.

पालकांची पुढची सभा दिवाळीनंतर आहे. कोण जाणार, हे लेकीनं अजून सांगितलेलं नाही, आणि ताईंनीही विचारलेलं नाही. पण परवा ताई आमच्याकडे आल्या होत्या. निळं लुगडं नेसून जाऊ की हिरवं, असं विचारत होत्या.

बायांनो, तुमच्या कानावरही असा एखादा शब्द पडला असेल, लागला असेल. तो चिठ्ठीवर लिहून आपल्या गटाच्या बैठकीत घेऊन या. कुठून आला ते शोधू. आणि एखादा आपण दुसरीला लावला असेल, तर तोही लिहून आणा.

येतो आम्ही. नमस्कार.